ईम गांवची वेस

इंग्लंडच्या डार्बीशायर परगण्यांत, डोंगरांच्या कुशींत, ईम नांवाचें एक लहानसें खेडें आहे. एरवीं परक्याला त्याचें नांवहि ठाऊक झालें नसतें, परंतु इ. स. १६६५-६६ च्या प्लेगनें तें इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें.

१६६५ सालीं लंडन शहरांत प्लेगनें कहर केला होता. तेथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. जॉर्ज व्हिकर्स नांवाच्या कारागिरानें दमट कापड विस्तवापुढें वाळविलें आणि त्यांतील पिसवांनीं रोग पसरविला, अशी परंपरागत कथा आहे. व्हिकर्स सप्टेंबरांत दगावला. हिवाळ्यांत सांथ मंदावली, पण पुढील उन्हाळ्यांत ती अधिकच भडकली.

गांवचा धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन त्या वेळीं अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या आधींचा उपदेशक टॉमस स्टॅन्ली यास १६६२ चा धर्मविषयक कायदा न मानल्यामुळें पद सोडावें लागलें होतें. मतभेद बाजूस सारून हे दोघे एकत्र आले. जून १६६६ पासून प्रेतें घरच्यांनींच जवळपास पुरावीं, उपासना उघड्या दरींत व्हावी आणि कोणीं शीव ओलांडूं नये, असें ठरलें. शिवेवरील दगडाच्या भोंकांत शिरक्यांत बुडविलेलीं नाणीं ठेवीत. शेजारचे लोक अन्न ठेवून जात. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरनेंहि शिधा पुरविला.

या निश्चयाची किंमत जबर होती. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईनें ऑगस्टांत आठ दिवसांत पति व सहा मुलें स्वतःच्या हातांनीं पुरलीं. मॉम्पेसनची पत्नी कॅथरिनहि त्याच महिन्यांत गेली. नोव्हेंबरांत सांथ थांबली, तेव्हां मृतांची संख्या सुमारें २६० झाली होती.

कथा आणि नोंद यांतील अंतर श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. एमट सिडल व तिचा वाग्दत्त रोलंड यांची ताटातूट शिवेच्या बंदीमुळें झाली असें पुष्कळदां सांगतात; पण एमट एप्रिलांतच वारली, बंदी मागाहून आली. गांवची वस्ती साडेतीनशें होती ही जुनी समजूतहि आतां टिकत नाहीं. ती सातशेंच्या आसपास असावी, असें अलीकडील संशोधन सांगतें. शिवाय कांहीं सधन कुटुंबें आधींच निघून गेलीं होतीं, आणि मॉम्पेसननें आपलीं मुलें बाहेर पाठविलीं होतीं. त्याग सर्वांच्या वांट्यास सारखा आला नाहीं.

असें असूनहि त्यागाचें मोल कमी होत नाहीं. ज्यांना जाण्यास ठिकाण नव्हतें, त्यांनींच मागें राहून शीव राखली. दरसाल ऑगस्टच्या अखेरच्या रविवारीं त्यांचें स्मरण केलें जातें. कथेंतील प्रेमिकांइतकाच, किंबहुना अधिक, तो मान हॅनकॉकच्या घरच्या सात थडग्यांचा आहे.