आश्रयाच्या अटी : शारदा सदन आणि हिंगणे

विधवांना मिळालेल्या आधाराचा इतिहास सांगताना आपण दात्यांची नावे मोजतो. त्या आधाराच्या अटी क्वचितच तपासतो.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. पैसा अमेरिकेतील मंडळाकडून येई; धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन होते. तथापि रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसतात, हे कळताच वादळ उठले. १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

त्याच वर्षी सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रमाची संस्था स्थापली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास गेला. परंतु देणगीदारांचा विश्वास टिकावा म्हणून, स्वतः विधवेशी विवाह केलेल्या कर्व्यांनी पुनर्विवाहाची चळवळ आश्रमापासून वेगळी ठेवली.

एका घराने प्रार्थनेचे दार उघडे ठेवले आणि समाज गमावला. दुसऱ्याने समाज राखला आणि विवाहाचा विषय उंबऱ्याबाहेर ठेवला. शिक्षण दोन्हीकडे मिळाले, हे मोठेच. पण विधवेने कोणाची प्रार्थना करावी, पुन्हा संसार मांडावा की नाही, या वादात पालक, सल्लागार आणि देणगीदार बोलत होते. आश्रयाचा इतिहास तिच्या बाजूने वाचायचा, तर सुरुवात तिथूनच करावी, असे आम्हांस वाटते.