मध्यवर्ती खिलाफत समिती आणि अरब देशांविषयीचे लोकशिक्षण (१९१९-१९३१) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

परराष्ट्रसंबंध हा विषय सामान्यतः मंत्रालये, वकिलाती आणि करारमदार यांच्या चौकटीत अभ्यासला जातो. परदेशाविषयी सामान्य नागरिकाचे मत कसे घडते, ते कोण घडविते आणि ते घडविताना कोणती माहिती निवडली व कोणती वगळली जाते, हे प्रश्न या चौकटीत फारसे येत नाहीत. वस्तुतः लोकशाही राष्ट्राच्या परराष्ट्रधोरणास लोकमताचा पाया लागतो आणि तो पाया घालण्याचे काम अनेकदा शासनबाह्य, ना-नफा संस्था करीत असतात. अरब देशांच्या संदर्भात असे काम मोठ्या प्रमाणावर करणारी भारतातील आरंभीची संस्था म्हणून मुंबईच्या मध्यवर्ती खिलाफत समितीचा विचार करावा लागतो.

खिलाफत चळवळीची मराठीतील चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे. एक, महात्मा गांधींच्या असहकार आंदोलनाचा भाग म्हणून. दोन, हिंदू-मुस्लिम संबंधांतील एक प्रकरण म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ (१९४०) या ग्रंथात केलेली चिकित्सा दुसऱ्या प्रकारात मोडते. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत; तथापि, या समितीने लाखो भारतीयांना प्रथमच दमास्कस, बगदाद, जेरुसलेम, मक्का या शहरांच्या राजकीय भवितव्याविषयी विचार करावयास लावले, हे तिसरे अंग उपेक्षित राहिले आहे. समितीने अरब जगाविषयी लोकांना काय सांगितले, काय सांगितले नाही आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मुंबई आणि अरब प्रदेश : पूर्वपीठिका

खिलाफत समितीचा जन्म मुंबईत झाला हा योगायोग नव्हे. १८३९ मध्ये एडन ब्रिटिशांच्या ताब्यात आले, ते मुंबई सरकारच्या फौजेमुळे. आणि १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडेच होता. इराणी आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सीदेखील १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती. हज यात्रेकरूंचे मुंबई हे प्रमुख बंदर होते. आखातातील मोती मुंबईच्या बाजारात येत आणि येथून जगभर जात. मराठी बोलीतील ‘बसऱ्याचे मोती’ ही संज्ञा या व्यापाराचीच साक्ष देते. अरबी घोड्यांचा व्यापारही याच बंदरातून चाले.

पहिल्या महायुद्धाने या संबंधांना वेगळे परिमाण दिले. मेसोपोटेमियातील (आजचा इराक) मोहिमेसाठी मुंबई हे रसद व सैन्य पाठविण्याचे मुख्य केंद्र बनले. कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढली गेलेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेली तुकडी ही सहावी (पुणे) डिव्हिजन होती. तिच्यात मराठा पलटणीचे सैनिक होते. म्हणजे १९१९ पूर्वीच अरब भूमी ही महाराष्ट्रातील व्यापारी, यात्रेकरू आणि सैनिक या तिन्ही वर्गांच्या घरात पोहोचली होती. उणीव होती ती या भूमीच्या राजकारणाच्या जाणिवेची.

समितीची स्थापना

३० ऑक्टोबर १९१८ रोजी मुद्रोसची युद्धबंदी झाली. ऑटोमन साम्राज्याचे विघटन अटळ दिसू लागले. तुर्की सुलतान हा सुन्नी मुसलमानांचा खलिफाही असल्याने भारतीय मुसलमानांत अस्वस्थता पसरली. या पार्श्वभूमीवर मार्च १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्ष मियाँ महंमद हाजी जान महंमद छोटाणी हे लाकडाचे मोठे व्यापारी होते. आरंभीची समिती प्रामुख्याने अशा व्यापाऱ्यांची असल्याने तिचा सूर अर्ज-विनंत्यांचा होता. नोव्हेंबर १९१९ मधील दिल्लीच्या परिषदेनंतर आणि वर्षअखेरीस अलीबंधूंची सुटका झाल्यानंतर तिला अखिल भारतीय व आंदोलनात्मक स्वरूप आले. मौलाना शौकत अली हे तिचे चिटणीस झाले. मुख्य कार्यालय मात्र मुंबईतच राहिले. भायखळ्याचे ‘खिलाफत हाऊस’ आजही या इतिहासाची खूण म्हणून उभे आहे.

लोकशिक्षणाची साधने

समितीने वापरलेली साधने तत्कालीन भारतात नवी होती. प्रांतिक व जिल्हा समित्यांचे जाळे, मुंबईतून निघणारे ‘खिलाफत’ हे उर्दू दैनिक, पत्रके, सार्वजनिक सभा आणि निधिसंकलन या मार्गांनी दूरदेशीचा प्रश्न गावोगाव नेण्यात आला. १७ ऑक्टोबर १९१९ रोजी देशभर ‘खिलाफत दिन’ पाळला गेला. प्रार्थना, उपवास व हरताळ यांची सांगड घालून एक आंतरराष्ट्रीय प्रश्न सामान्य माणसाच्या दिनक्रमात आणण्याचा तो प्रयत्न होता. अलीबंधूंच्या मातोश्री आबादी बानो बेगम ऊर्फ बी अम्मा यांनी स्त्रियांच्या सभांतून हा विषय मांडला. परराष्ट्रविषयक प्रश्नावर भारतीय स्त्रियांचे असे संघटन त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

या कार्याची एक मर्यादा आरंभीच नोंदविली पाहिजे. समितीचे व्यवहार धर्मनिष्ठेवर व वैयक्तिक विश्वासावर चालत. अंगोरा निधीसह जमा झालेल्या रकमांच्या हिशेबावरून १९२२-२३ च्या सुमारास मोठा वाद उद्भवला आणि समितीच्या प्रतिष्ठेस धक्का बसला. लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला हिशेबाची शिस्त ही विचारांइतकीच आवश्यक असते, हा धडा त्यातून मिळतो.

‘जझिरतुल अरब’ : मागणीतील अंतर्विरोध

समितीच्या मागण्या स्थूलमानाने तीन होत्या : खलिफाकडे धर्मरक्षणास पुरेशी ऐहिक सत्ता असावी, पवित्र स्थळे त्याच्या ताब्यात राहावीत, आणि ‘जझिरतुल अरब’ मुस्लिम सार्वभौमत्वाखाली राहावा. जझिरतुल अरब या संज्ञेत समितीने अरबी द्वीपकल्पासह सीरिया, पॅलेस्टाईन व मेसोपोटेमिया यांचाही समावेश केला होता. अरबांना स्वायत्तता द्यावी, परंतु ती खलिफाच्या अधिराज्यात, अशी ही भूमिका होती.

येथेच समितीच्या लोकशिक्षणातील मूलभूत उणीव प्रकट होते. ज्या अरबांच्या भूमीविषयी ही मागणी होती, त्यांच्यापैकी अनेकांची आकांक्षा निराळी होती. जून १९१६ मध्ये मक्केचा शरीफ हुसेन याने तुर्कांविरुद्ध बंड पुकारले होते. ८ मार्च १९२० रोजी दमास्कस येथे सीरियन काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर करून हुसेनपुत्र फैसल यास राजा घोषित केले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १९ मार्च १९२० रोजी, मौलाना महंमद अली यांच्या नेतृत्वाखालील खिलाफत शिष्टमंडळ लंडन येथे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटले आणि अरब प्रदेश खलिफाच्या अधिराज्यात ठेवण्याची मागणी त्याने केली. स्वतः परसत्तेखाली असलेल्या देशाचे प्रतिनिधी दुसऱ्या एका समाजाचे भवितव्य त्याला न विचारता मांडीत होते.

लॉइड जॉर्ज यांच्या ५ जानेवारी १९१८ च्या भाषणाचा समितीने केलेला वापरही या दृष्टीने बोलका आहे. तुर्कबहुल प्रदेश व राजधानी तुर्कांकडून हिरावून घेण्यासाठी हे युद्ध नाही, हे त्यातील आश्वासन समितीच्या प्रचाराचा आधार बनले. त्याच भाषणात अरबस्तान, सीरिया, मेसोपोटेमिया व पॅलेस्टाईन यांच्या पृथक राष्ट्रीय स्थितीस मान्यता मिळावी असेही म्हटले होते. हा भाग प्रचारात मागे पडला.

तथापि, केवळ एवढ्यावरून समितीला अज्ञानी ठरविणे अन्यायाचे होईल. अरबांच्या स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या ब्रिटनच्या हेतूंविषयी तिने घेतलेली शंका घटनांनी खरी ठरविली. १९१६ चा सायक्स-पिको करार आणि २ नोव्हेंबर १९१७ चे बाल्फोर यांचे पत्रक तोवर जगापुढे आलेले होते. एप्रिल १९२० मध्ये सान रेमो येथे अरब प्रदेशांची ब्रिटन व फ्रान्स यांच्यात अधिदेश म्हणून वाटणी झाली. २४ जुलै १९२० रोजी मैसलून येथे फ्रेंच सैन्याने सीरियाचे अल्पजीवी स्वातंत्र्य संपविले. त्याच वर्षी इराकमधील उठाव मोडण्यासाठी ब्रिटिशांनी भारतीय सैनिकच वापरले. साम्राज्यशाहीविषयी समितीचे निदान अचूक होते. अरब राष्ट्रवादाविषयीचे तिचे आकलन अपुरे होते. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज तिचे योग्य मूल्यमापन होत नाही.

हिजाझचा प्रश्न आणि समितीतील फूट

३ मार्च १९२४ रोजी तुर्की राष्ट्रीय सभेनेच खिलाफत रद्द केली. समितीच्या नावातील मूळ हेतूच नाहीसा झाला. यानंतर संस्था विसर्जित होणे स्वाभाविक होते. पण ती टिकली आणि तिचे लक्ष तुर्कस्तानाकडून अरबस्तानाकडे वळले. मक्का व मदिना यांचा समावेश असलेला हिजाझ प्रांत शरीफ हुसेन यांच्या हाती होता. त्यांच्यावर समितीचा राग होता, कारण तुर्कांविरुद्ध ब्रिटिशांना साहाय्य करणारे ते होते. म्हणून नज्दचा सुलतान इब्न सौद याने ऑक्टोबर १९२४ मध्ये मक्का घेतली, तेव्हा समितीने त्याचे स्वागत केले. सय्यद सुलेमान नदवी यांच्यासारख्या विद्वानाच्या नेतृत्वाखाली समितीने शिष्टमंडळ पाठविले. हिजाझमध्ये राजेशाही नको, जगातील मुसलमानांच्या विचाराने चालणारे प्रजासत्ताक असावे, अशी तिची अपेक्षा होती.

जानेवारी १९२६ मध्ये इब्न सौद याने स्वतःस हिजाझचा राजा घोषित केले आणि ही अपेक्षा फोल ठरली. मदिनेतील जन्नतुल बकी येथील कबरींवरील बांधकामे पाडली गेल्याने भारतात संताप उसळला. १९२६ च्या उन्हाळ्यात मक्का येथे भरलेल्या परिषदेस अलीबंधू व नदवी उपस्थित होते. तेथून अलीबंधू सौदी राजवटीचे टीकाकार होऊन परतले. पंजाबातील अनेक कार्यकर्ते मात्र इब्न सौद यांच्या बाजूचे राहिले. समितीत फूट पडली.

या टप्प्यावर समितीच्या कार्यात एक गुणात्मक बदल दिसतो. १९२० मध्ये ती लंडनमार्गे अरबस्तान पाहत होती. १९२४ नंतर तिचे प्रतिनिधी प्रत्यक्ष जिद्दा व मक्का येथे जाऊन, पाहून व बोलून अहवाल देऊ लागले. प्रत्यक्ष माहिती मिळताच एकमत संपले व मतभेद सुरू झाले. चळवळीच्या दृष्टीने ही हानी असेल. लोकशिक्षणाच्या दृष्टीने ती प्रगती मानावी लागेल, कारण अरब जग हे एकसंध नाही, त्यात घराणी, पंथ, प्रदेश व हितसंबंध आहेत, हे भारतीय वाचकाला प्रथमच कळू लागले.

पॅलेस्टाईन आणि वारसा

४ जानेवारी १९३१ रोजी मौलाना महंमद अली यांचे लंडन येथे निधन झाले व जेरुसलेम येथे हरम शरीफच्या परिसरात त्यांचे दफन करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेरुसलेमला भरलेल्या जागतिक इस्लामी परिषदेत शौकत अली यांनी प्रमुख भाग घेतला. पुढे अरब प्रश्नाचा वारसा राष्ट्रीय चळवळीने धर्मनिरपेक्ष भाषेत स्वीकारला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध भारताने मत दिले. या मतामागे वसाहतवादविरोधाची व फाळणीविरोधाची भूमिका होती. परंतु त्यासाठी लागणारी लोकजाणीव तयार करण्यात मुंबईतील या समितीचा वाटा नाकारता येत नाही. समिती स्वतः मात्र हळूहळू शैक्षणिक व सामाजिक कार्याकडे वळली. खिलाफत हाऊस येथे अध्यापक महाविद्यालय सुरू झाले आणि ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीशी या वास्तूचे नाते टिकून राहिले.

आजचा संदर्भ

१९७३ च्या तेल दरवाढीनंतर आखाती देशांत भारतीय श्रमिकांचे मोठे स्थलांतर झाले. १९९० मध्ये कुवेतवर इराकने आक्रमण केले तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानाने परत आणावे लागले आणि त्यांपैकी बहुसंख्य मुंबईच्या सहार विमानतळावर उतरले. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीस लागलेल्या आगीत ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. त्यांच्या गावांच्या यादीत मालाडचेही नाव होते. अरब देश हा आता उपनगरातील कुटुंबांच्या दृष्टीने श्रद्धेचा किंवा दूरच्या सहानुभूतीचा विषय राहिलेला नाही. तो रोजगाराचा, कराराच्या अटींचा व जिवाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

२००९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘गेटवे हाऊस’ ही स्वतंत्र अभ्याससंस्था परराष्ट्रधोरणाची चर्चा दिल्लीबाहेर आणण्याचा प्रयत्न करते. तिची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आणि श्रोतृवर्ग उद्योग, राजनय व विद्यापीठे यांतील आहे. खिलाफत समितीजवळ जनसंपर्क होता, पण निःपक्ष अभ्यास कमी होता. आजच्या अभ्याससंस्थांजवळ अभ्यास आहे, पण जनसंपर्क मर्यादित आहे. आखातात मुलगा पाठविणाऱ्या कुटुंबाला त्याच्या भाषेत तेथील कायदा, समाज व राजकारण समजावून देणारी व्यवस्था या दोहोंच्या मधल्या जागेत हवी आहे.

निष्कर्ष

१. मध्यवर्ती खिलाफत समितीने अरब प्रदेशांचा प्रश्न भारतीय जनतेपर्यंत नेला; हे कार्य शासनाने नव्हे, तर लोकवर्गणीवर चाललेल्या मुंबईतील संस्थेने केले.

२. साम्राज्यशाहीविषयीचे तिचे विश्लेषण घटनांनी खरे ठरविले. परंतु अरबांच्या स्वतंत्र आकांक्षेकडे दुर्लक्ष झाल्याने तिचे लोकशिक्षण बव्हंशी प्रचारात परिणत झाले.

३. १९२४ नंतर प्रत्यक्ष संपर्कामुळे तिच्या माहितीची गुणवत्ता वाढली आणि त्याचबरोबर तिची एकजूट भंगली. ज्ञान आणि एकमत यांतील हा ताण अशा सर्वच संस्थांच्या वाट्यास येतो.

४. अरब देशांविषयीच्या लोकशिक्षणाची जबाबदारी आज महानगरी अभ्याससंस्थांवर सोपवून भागणारे नाही. ज्या उपनगरांतून विद्यार्थी व श्रमिक आखातात जातात, तेथील महाविद्यालयांनी मराठी, हिंदी व उर्दूतून हे काम हाती घेणे आवश्यक आहे. ज्यांच्याविषयी शिकवावयाचे त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, ही खिलाफत समितीच्या अनुभवाची शिकवण त्यासाठी मार्गदर्शक ठरेल.