लघुलिपी : ध्वनिविचार, छंद आणि वाचक

लघुलेखन ही कचेरीतील कारकुनी कला होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ध्वनिमुद्रणयंत्रांनी लघुलेखकाची वही दूर सारल्यानंतरही ही लिपी केवळ हौसेने शिकणारे लोक उरलेच. त्यांच्या या ओढीचे मूळ शोधू लागल्यास अभ्यासक कचेरीऐवजी ध्वनिशास्त्राच्या दाराशी येऊन पोहोचतो.

आयझॅक पिटमन (१८१३–१८९७) हा व्यवसायाने शाळामास्तर. आरंभी तो सॅम्युअल टेलरची १७८६ ची पद्धती वापरीत व शिकवीत असे. तिची स्वस्त पुस्तिका काढण्याचा त्याचा प्रस्ताव प्रकाशक बॅग्स्टर याच्याकडून परत आला. स्वतःचे काही नवे असल्यास पाहू, असा त्या उत्तराचा आशय होता. त्यातून १८३७ मध्ये पिटमनची पद्धती अवतरली. तिचा पाया वर्णलेखनाऐवजी उच्चार हा होता. अघोष ‘प’साठी बारीक रेघ आणि घोष ‘ब’साठी तीच रेघ जाड, ‘त-द’, ‘क-ग’ या जोड्यांसाठीही हाच नियम. संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटणार नाही, कारण त्याची वर्णमालाच स्थान आणि घोषत्व यांवर रचलेली आहे. स्पेलिंगच्या जाचाखाली वाढलेल्या इंग्रज तरुणास मात्र आपण काय बोलतो याचा हा पहिलाच साक्षात्कार असावा. स्वर ठिपक्यांनी व लहान रेघांनी दर्शविले जात आणि वेगात ते गाळले जात. वाचताना संदर्भाने ते भरून काढावे लागत. या भरून काढण्यातही एक कोड्याचे सुख असते.

१८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि या लिपीचा प्रसार टपालाने होऊ लागला. हौशी मंडळींनी एक गमतीदार प्रकार रूढ केला : लघुलिपीतच लिहिलेले हस्तलिखित मासिक एका सभासदाकडून दुसऱ्याकडे टपालाने फिरे आणि जो तो त्यात आपला मजकूर वा शेरा जोडी. आपल्याकडील महाविद्यालयीन हस्तलिखितांची आठवण व्हावी असाच हा उद्योग. त्यात ना वेगाची निकड होती, ना वेतनाची.

ध्वनिदृष्ट्या निर्दोष लिपीच टिकते, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. पण इतिहास त्याला अनुकूल नाही. ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री स्वीट याने १८९२ मध्ये स्वतःची लघुलिपी प्रसिद्ध केली. जाड-बारीक रेघांचा भेद तिला लागत नसे, स्वरही तीत नीट लिहिता येत. पिटमनच्या पद्धतीविषयी स्वीटला तिटकाराच होता. बर्नार्ड शॉने स्वीटची लिपी दोनदा शिकून घेतली. तरीही ‘पिग्मॅलियन’ नाटकाच्या प्रस्तावनेत तो कबूल करतो की, ती प्रस्तावना तो पिटमनच्या लिपीत लिहीत आहे, कारण त्याच्या चिटणिसास दुसरी वाचता येत नाही. विद्वत्ता एका पारड्यात आणि वाचणारा चिटणीस दुसऱ्या पारड्यात, असा हा हिशेब होता, आणि तो स्वीटच्या विरुद्ध गेला. लिपीचे गुण मोजताना भाषाशास्त्रज्ञ हे दुसरे पारडे वारंवार विसरतात.

वाचक संपले की काय होते, याचे उदाहरण डिकन्सच्या कागदपत्रांत सापडते. तरुणपणी वार्ताहर म्हणून त्याने गर्नीची पद्धती कष्टाने आत्मसात केली आणि पुढे तीत स्वतःच्या खुणांची भर घातली. १८५९ मधील त्याचे एक पत्र दीडशे वर्षांहून अधिक काळ कोणालाही वाचता आले नाही. अखेर संशोधकांनी ते सर्वांसमोर ठेवून जाहीर आवाहन केले आणि २०२२ मध्ये त्यातील बराचसा मजकूर उलगडला. या कामात मोठा वाटा हौशी वाचकांचा होता. पत्राचा विषय अगदीच व्यवहारी निघाला : डिकन्सच्या नव्या साप्ताहिकासंबंधीची जाहिरात ‘टाइम्स’कडून परत आली होती, त्याबद्दलची ती तक्रार होती.