पेशीतला पाहुणा

घरातले विरजण बिघडले की आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो, चमचाभर दही मागून आणतो आणि कोमट दुधाला लावतो. सकाळी दही तयार! त्या चमच्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात आणि दुधाचे दही करण्याचे काम तेच करतात, हे आता शाळकरी मुलेही सांगतील. पण कोणी आपल्याला म्हणाले, की थकून गेलेल्या हृदयालाही असेच विरजण लावता येईल, तर? आपण त्याला हसू. आणि तरीही अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या शल्यवैद्यांनी लहान मुलांच्या हृदयावर जवळजवळ असाच एक प्रयोग केला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. ती हकीकत नीट समजून घ्यायची तर सव्वाशे वर्षांपेक्षाही मागे जावे लागते.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींमध्ये अतिशय बारीक कण असतात. आपल्या पाठ्यपुस्तकांतून त्यांना तंतुकणिका म्हणतात. इंग्रजीतले नाव मायटोकाँड्रिया. आपण खाल्लेल्या भाकरीतली शर्करा आणि श्वासातून आत आलेला प्राणवायू ह्यांची गाठ शेवटी ह्या कणिकांत पडते आणि त्यातून पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा निघते. पेशीची चूलच म्हणा ना! हृदयाच्या स्नायूतील पेशीचा सुमारे एकतृतीयांश भाग ह्या कणिकांनीच व्यापलेला असतो. जो रात्रंदिवस राबतो, त्याच्या घरची चूलही मोठीच असायची.

हे कण पहिल्यांदा नीट रंगवून दाखवले ते जर्मनीतील लाइपझिगच्या रिखार्ट आल्टमान ह्यांनी. १८९० साली त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एक धाडसाचे विधान केले. हे कण म्हणजे पेशीचे नुसते भाग नसून पेशीच्या आत राहणारे मूळचे जीव आहेत, असे ते म्हणाले. त्या काळच्या पंडितांना हे काही पटले नाही. तुम्ही काचपट्टीवर रंग ओतता, त्या रंगाचेच हे डाग असतील, अशीही शंका घेण्यात आली. पुढे १८९८ साली कार्ल बेंडा ह्यांनी कणांना आजचे नाव दिले. ग्रीक भाषेत मितोस म्हणजे धागा आणि खोंद्रोस म्हणजे दाणा. आपला तंतुकणिका हा शब्द त्याचेच सरळ मराठी रूप आहे.

आल्टमानांची कल्पना अशी मागे पडली, पण मेली नाही. अमेरिकेतील आयव्हन वॉलिन ह्यांनी १९२७ साली पुन्हा सांगितले, की ह्या कणिका मुळात जीवाणू आहेत. त्या पेशीबाहेर काढून आपण वाढवल्या, असाही त्यांचा दावा होता. इथे मात्र ते चुकले. कणिका पेशीबाहेर वाढत नाहीत. प्रयोग फसला, तेव्हा लोकांनी प्रयोगाबरोबर विचारही टाकून दिला. इतिहासात असे पुष्कळदा घडते, बरे का! साक्षीदार खोटा ठरला म्हणजे फिर्याद खोटीच होती, असे आपण धरून चालतो.

त्या फिर्यादीला खरा साक्षीदार मिळाला तो १९६३ साली. मार्गिट नास आणि सिल्व्हान नास ह्या दोघांनी कोंबडीच्या गर्भातील पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा कणिकांच्या आत डीएनएचे धागे दिसले. डीएनए म्हणजे वंशपरंपरेची पोथी. ती केंद्रकात असते, हे माहीत होते. पण ह्या कणिकांजवळ स्वतःची वेगळी पोथी कशी? चार वर्षांनी, १९६७ साली, लिन सेगन ह्या तरुण विदुषीने त्याचा अर्थ लावला. पुढे लिन मार्ग्युलिस ह्या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांचे म्हणणे असे, की एके काळी हे स्वतंत्र जीवाणू होते. फार प्राचीन काळी ते दुसऱ्या एका पेशीत शिरले आणि तिथेच राहिले. आज शास्त्रज्ञ हा काळ दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा धरतात. हा लेख सुमारे पंधरा नियतकालिकांनी परत पाठवला होता, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. आज तेच मत सर्वत्र शिकवले जाते.

तेव्हा हा मूळचा पाहुणा. तो आला, राहिला आणि घरचाच झाला. १९८१ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या कणिकांतील ही पोथी संपूर्ण वाचली. अक्षरे १६,५६९ आणि जनुके अवघी ३७. कणिकेला लागणारी एक हजाराहून अधिक प्रथिने आता केंद्रकाच्या सूचनेवरून बनून येतात. पाहुण्याने आपला बहुतेक जमीनजुमला घरधन्याच्या नावावर करून दिला आणि जवळ लहानसे गाठोडे तेवढे ठेवले. म्हणूनच तो घराबाहेर स्वतंत्रपणे जगू शकत नाही. वॉलिनांचा प्रयोग का साधणे शक्य नव्हते, हेही आता ध्यानात येईल.

पण एका घरातून निघून दुसऱ्या घरात तो नांदू शकेल का? हा पुढचा प्रश्न. १९८२ साली क्लार्क आणि शे ह्या दोन संशोधकांनी काही औषधांना दाद न देणाऱ्या पेशींमधून कणिका बाहेर काढल्या आणि त्या औषधांनी मरणाऱ्या पेशींसोबत ठेवल्या. काही पेशींनी त्या कणिका आत घेतल्या आणि मग त्या पेशीही औषधाला पुरून उरल्या. २००६ साली न्यू ऑर्लिन्स येथे असे आढळले, की चूल विझलेल्या पेशींच्या शेजारी निरोगी पेशी ठेवल्या, तर काही कणिका आपण होऊनच पलीकडे जातात आणि तिथला श्वास पुन्हा सुरू होतो. शेजारणीने निखारा द्यावा, तसाच हा प्रकार! आपल्या देशातही ह्यावर काम झाले आहे. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी ह्या संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली दाखवले, की मिरो-१ नावाचे प्रथिन ही ने-आण करण्यात हमालाचे काम करते.

आता बोस्टनकडे वळू. हृदयाचा रक्तपुरवठा काही वेळ तुटला की प्राणवायू तुटतो आणि कणिका जखमी होतात. पुढे रक्त पुन्हा वाहू लागले, तरी स्नायू लगेच उठत नाही. सरपण आले, पण चूलच फुटली, अशी अवस्था. जेम्स मकली ह्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या हृदयावर ह्याचा अभ्यास केला. निरोगी कणिका टोचल्यावर इजा कमी होते, असे त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर बालहृदयाचे शल्यवैद्य सीताराम एमानी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पाच मुलांवर हा उपचार केला. ह्या मुलांची हृदये इतकी दुबळी झाली होती, की बाहेरचे यंत्र त्यांचे रक्त फिरवीत होते. त्या मुलाच्याच पोटाच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढायचा, तो वाटून गाळून त्यातल्या कणिका वेगळ्या करायच्या आणि बारीक सुईने त्याच्याच हृदयात टोचायच्या, अशी रीत. कणिका स्वतःच्याच असल्यामुळे परक्या अवयवाविरुद्ध शरीर जसे बंड करते, तसे इथे होण्याचे भय नाही. पाचांपैकी चार मुलांना यंत्राचा आधार सोडता आला.

हे वाचून आपल्याला आनंद होतो, मलाही झाला. पण इथेच थोडे थांबले पाहिजे. यंत्र सुटणे म्हणजे मूल पूर्ण बरे होणे नव्हे. शिवाय ही मुले ह्या उपचारावाचून सुधारलीच नसती, हे कशावरून? २०२१ साली त्याच रुग्णालयातून मोठा अहवाल आला. उपचार केलेल्या दहा मुलांपैकी आठ, तर उपचार न केलेल्या चौदांपैकी चार यंत्रावरून सुटली. फरक मोठा दिसतो खरा. पण शेतकरी नवे बियाणे कसे पारखतो, ते आठवा. एकाच रानात, एकाच पाण्यावर, अर्ध्यात जुने आणि अर्ध्यात नवे पेरतो. नवे बियाणे काळ्या जमिनीत आणि जुने मुरमाड जमिनीत पेरून केलेली तुलना कोण मानील? मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती आणि संख्याही थोडी होती.

काही शास्त्रज्ञांची हरकत ह्याहून मूलगामी आहे. २०१८ साली त्यांनी विचारले, की पेशीबाहेरच्या द्रवात कॅल्शियम आतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते. त्यात उघडी पडलेली कणिका तग धरील कशी? आणि ज्या थोड्या आत शिरतील, त्या एवढ्या मोठ्या हृदयाला पुरतील कशा? कदाचित गुण येत असेल, पण तो वेगळ्याच वाटेने, असेही होऊ शकते. दह्याच्या विरजणाचा दाखला इथे अपुरा पडतो. विरजणातला जीव दुधात स्वतः वाढतो. कणिकेला मात्र आधी घर मिळावे लागते.

मग आपण काय समजावे? आपल्या मुंबईतलीच एक गोष्ट सांगतो. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड ह्यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण केले. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी तोच प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. भारतात हे रोपण यशस्वी झाले ते ऑगस्ट १९९४ मध्ये, दिल्लीला डॉ. वेणुगोपाल ह्यांच्या हातून. मध्ये सव्वीस वर्षे गेली. त्या काळात रोपण केलेले हृदय शरीराने नाकारू नये म्हणून जगभर औषधे शोधली गेली आणि अपयशांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला गेला. सेनांचे धाडस व्यर्थ होते, असे कोणी म्हणणार नाही. पण १९६८ सालीच ही विद्या पक्की झाली होती, असेही म्हणता येणार नाही.

कणिकांचे रोपण आज त्या मधल्या वाटेवर आहे. म्हणून उद्या एखाद्या जाहिरातीत "कणिका टोचून म्हातारपण घालवा" असे दिसले आणि घरातला कोणी त्यासाठी जमीन गहाण टाकायला निघाला, तर त्याला एवढेच विचारायला शिकवा: किती जणांवर केले? तुलना कोणाशी केली? आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांचा हिशेब कुठे आहे?

आल्टमानांना हसणारे घाईत होते आणि वॉलिनही घाईतच होते. नव्या विचाराला हसू नये आणि पुराव्यावाचून त्याच्या मागे धावूही नये. वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढताना, गुरुजनहो, तंतुकणिकेजवळ क्षणभर थांबा आणि मुलांना ह्या पाहुण्याची गोष्ट सांगा. ती अजून संपलेली नाही. तिचा पुढचा भाग लिहिणारा कदाचित तुमच्याच वर्गात बसला असेल.