बँजोची जात

बँजो म्हटला की आपल्या डोळ्यापुढं येतो जयंतीच्या मिरवणुकीतला. गाडीवर मांडलेला, बटणं दाबून वाजवायचा. तो मूळचा जपानी, ताइशोगोतो, १९१२ सालचा. आपल्याकडं आला आणि नाव बँजो पडलं. हे नाव आधी ज्याचं, त्या अमेरिकेतल्या बँजोबद्दल इथं सांगायचंय.

तो गुलामांनी घडवला. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे हात रिकामे होते, डोकी भरलेली होती. वाळका भोपळा कापला, कातडं ताणलं, दांडी खुपसली, तारा बांधल्या. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग बघा. तोच भोपळा, तेच कातडं, अंगठ्यासाठी तशीच एक आखूड तार. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलाम उठले, ढोल वाजवत निघाले. मालक असे टरकले की १७४० च्या कायद्यानं ढोल आणि शिंगं बंद. हलगीवाल्याला हे फोडून सांगायला नको.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. ती युरोपातली, गोऱ्यांची. पण मालकाच्या घरी नाच असला की वाजवायला गुलाम. १८५३ साली आपल्या बारा वर्षांच्या गुलामीचं पुस्तक लिहिणारा सॉलोमन नॉर्थप फिडलवालाच होता. फिडलच्या धुना बँजोवर उतरल्या त्या अशा माणसांच्या संगतीत.

उतरल्या कशा? फिडलचा गज सूर ओढत नेतो. बँजोचा सूर तडकन उठतो नि विझतो. फिडलचा एकेक सूर पकडायला गेलात की मागं पडलात. म्हणून बँजोवाला धुनेचं हाड पकडतो. बोटाचं नख वरून खाली तारेवर मारायचं, मागोमाग अंगठ्यानं आखूड तार सोडायची. ती तार दाबायची नाही. तिचा एकच सूर मधेमधे ठणकत राहतो, आपल्या तुणतुण्यासारखा. धुनेचे भाग दोन, प्रत्येक दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. नाचणारे दमेपर्यंत. कागद लागत नाही. बघायचं, ऐकायचं, हात चालवायचा.

मग गोऱ्यांची नजर गेली. व्हर्जिनियाचा जोएल स्वीनी काळ्यांकडूनच शिकला, आणि आखूड तार त्यानंच शोधली असं पुढं वर्षानुवर्षं छापलं गेलं. त्याचा जन्म १८१० चा. १७८५-९० च्या सुमाराला काढलेल्या साउथ कॅरोलिनातल्या चित्रात एक गुलाम बँजो वाजवतोय, त्यावर आखूड तार आहे! १८४३ साली न्यूयॉर्कात चार गोरे तोंडाला काजळी फासून बँजो-फिडल घेऊन स्टेजवर चढले. काळ्यांची टिंगल करायची, काळ्यांच्याच वाद्यावर. हा धंदा पुढं कित्येक वर्षं चालला.

१९२० नंतर रेकॉर्ड कंपन्यांनी तर संगीतालाच जात लावली. काळ्यांची ती ‘रेस’, गावाकडच्या गोऱ्यांची ती ‘हिलबिली’. काळ्यानं ब्लूज गावं, फिडल-बँजो गोऱ्यानं वाजवावं. काळ्यांच्या फिडल-बँजोच्या टोळ्या गावोगाव होत्या, रेकॉर्डवर फार थोड्या आल्या. १९७२ साली पँथर हे नाव आपण काळ्यांकडनं घेतलं. त्यांच्या कविता वाचतो, ब्लूज ऐकतो. पण बँजो दिसला की गोरा शेतकरी आठवतो. कंपनीनं लावलेली जात आपल्याही डोक्यात बसली, दुसरं काय.

नॉर्थ कॅरोलिनात जो थॉम्प्सन नावाचा काळा कामगार होता, जन्म १९१८ चा. फर्निचरच्या कारखान्यात राबला. लहानपणी फिडलला तार मिळेना तेव्हा जाळीच्या दाराची तार काढून लावली. बाप फिडलवाला, त्याचं बघून शिकला. चुलतभाऊ ओडेल बँजोवर. दोघं मक्याच्या सोलणीला, नाचाला वाजवायचे. १९९४ साली ओडेल गेला. जोला २००१ साली झटका आला, तरी फिडल सुटली नाही.

२००५ साली रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स, जस्टिन रॉबिन्सन ही तिघं काळी पोरं दर गुरुवारी रात्री मेबेन गावी त्याच्या घरी जाऊ लागली. म्हातारा समजावून वगैरे सांगत नसे. वाजवायचा. पोरांनी बरोबर वाजवायचं. त्यांनी ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ नावाची टोळी काढली, २०११ साली त्यांना ग्रॅमी मिळालं. २०१२ च्या फेब्रुवारीत जो वारला. त्याच्या धुना ही पोरं वाजवत होती.