ओनेसिमस : बोस्टनला देवीची टोचणी सांगणारा गुलाम

१/८
एडवर्ड जेन्नरची देवीची लस १७९६ मधली. तिच्या ७५ वर्षे आधी अमेरिकेतील बोस्टन शहरात देवीची टोचणी झाली होती. ती सुचवण्यामागे एका आफ्रिकी गुलामाची साक्ष होती.

२/८
१७०६ मध्ये धर्मोपदेशक कॉटन मेदर याला त्याच्या चर्चच्या सभासदांनी एक गुलाम भेट दिला. मेदरने त्याचे नाव बायबलमधील एका गुलामावरून ‘ओनेसिमस’ ठेवले. त्याचे मूळ नाव इतिहासात उरले नाही.

३/८
देवी येऊन गेल्या का, या मेदरच्या प्रश्नाला त्याने ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन्ही उत्तरे दिली. त्याच्या मायदेशात रुग्णाच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या त्वचेवर छेद देऊन त्यात घालत. सौम्य आजार होई, पण देवीची भीती कायमची टळे. त्याने दंडावरचा व्रणही दाखवला.

४/८
मेदरने शहरातील इतर आफ्रिकी लोकांना विचारले, तेव्हा त्यांनीही तेच सांगितले. कॉन्स्टँटिनोपलमधील अशाच प्रथेचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला. १७१६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने ओनेसिमसची हकिकत कळवली.

५/८
१७२१ मध्ये बोस्टनमध्ये देवीची साथ आली. मेदरचे आवाहन झॅब्डिएल बॉयल्स्टन या एकाच वैद्याने मानले. २६ जून रोजी त्याने स्वतःचा सहा वर्षांचा मुलगा आणि घरचे दोन गुलाम यांना टोचले. त्या गुलामांना नकाराचा अधिकार नव्हता.

६/८
शहर खवळले. टोचलेल्यांपासून साथ पसरेल, ही शंका निराधार नव्हती. परंतु डॉ. विल्यम डग्लससारख्या विरोधकांनी आफ्रिकी लोकांच्या साक्षीचीच टर उडवली. नोव्हेंबरमध्ये मेदरच्या घरात हातबाँब फेकला गेला. तो फुटला नाही.

७/८
आकड्यांनी निवाडा केला. साथीत सुमारे ५,९०० जणांना देवी आल्या आणि ८४४ दगावले, म्हणजे सातांत एक. टोचलेल्या सुमारे २४० जणांपैकी ६ दगावले, म्हणजे चाळिसांत एक. १७७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने सैन्याला टोचणीचा आदेश दिला. जेन्नरलाही बालपणी अशीच टोचणी झाली होती.

८/८
१७२६ मध्ये बॉयल्स्टन रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. ओनेसिमसने १७१६ मध्येच आपल्या जागी दुसरा गुलाम घेण्यासाठी पैसे भरून सुटका मिळवली होती, तीही अर्धवट : मेदरने बोलावताच कामाला हजर राहण्याची अट कायम होती. ज्याची विद्या प्रमाण ठरली, त्याला पूर्ण स्वातंत्र्य मात्र त्या व्यवहारात मिळाले नाही.