सोनें कीं चांदी? : १८९६ सालची अमेरिकन निवडणूक

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार पुष्कळ बोलतात. पण ज्याच्या हाताला काम नाहीं अशा मनुष्याचें लक्ष दोनच गोष्टींकडे असतें. काम केव्हां मिळेल ही एक, आणि मिळालेल्या मजुरींत घर चालेल कीं नाहीं ही दुसरी. बहुतेक काळीं हे दोन प्रश्न एकमेकांत इतके मिसळून गेलेले असतात कीं ते वेगळे आहेत याचेंहि भान राहत नाहीं. अमेरिकेंतील १८९६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकींत मात्र ते समोरासमोर उभे राहिले. एका उमेदवारानें पैशाच्या मोलाचा प्रश्न हातीं घेतला, दुसऱ्यानें कामाचा; आणि सुमारें १ कोटी ४० लाख मतदारांनीं त्यांच्यामध्यें निवड केली. या झगड्याचा एक धागा थेट मुंबईच्या टांकसाळीपर्यंत येऊन पोंचतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षांत नसते.

वादाचें मूळ १८७३ सालांत सांपडतें. त्या वर्षीं अमेरिकन काँग्रेसनें नाण्यांचा कायदा नव्यानें केला, आणि त्यांत चांदीचा जुना डॉलर पाडण्याची तरतूद राहिली नाहीं. जर्मनी त्याच सुमारास सुवर्णचलनाकडे वळला होता, आणि एकामागून एक राष्ट्रें त्याच वाटेनें निघालीं. सोन्याची मागणी वाढली. खाणींतून निघणारें सोनें मात्र त्या मानानें वाढेना. त्यामुळें डॉलर दुर्मिळ झाला, आणि डॉलर दुर्मिळ झाला म्हणजे त्याच्या बदल्यांत अधिक माल द्यावा लागतो. पूर्वीं बुशेलला एक डॉलरच्या आसपास विकला जाणारा गहू १८९४ च्या सुमारास अर्ध्या डॉलरवर आला. नेब्रास्कांतील एखाद्या शेतकऱ्यानें शेत गहाण टाकून १,००० डॉलर काढले असतील, तर कर्ज काढतांना तें १,००० बुशेल गव्हाएवढें होतें. फेडतांना तेंच २,००० बुशेलांचें झालें. कागदावरील आंकडा बदलला नाहीं, व्याजाचा दरहि बदलला नाहीं; तरी ऋणकोचा बोजा दुप्पट झाला, आणि धनकोचें येणें त्यानें बोटहि न उचलतां दुप्पट मोलाचें झालें.

अशा स्थितींत १८९३ सालचें अरिष्ट कोसळलें. फेब्रुवारींत फिलाडेल्फिया अँड रीडिंग ही मोठी रेल्वे कंपनी बुडाली. वर्ष संपेपर्यंत सुमारें ५०० बँकांनीं दारें लावलीं आणि १५,००० च्या आसपास धंदे बसले. त्याच वर्षीं जूनच्या २६ तारखेस हिंदुस्थान सरकारनें मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. १८७० नंतरच्या पहिल्या वर्षांत दोन शिलिंगांच्या घरांत असलेला रुपया सव्वा शिलिंगापर्यंत उतरला होता, आणि विलायतेस पाठवावयाच्या रकमांचा बोजा या उतरत्या हुंडणावळीमुळें सरकारास सोसवेना, हें त्याचें कारण. हिंदुस्थान हें जगांतील चांदीचें मोठें गिऱ्हाईक. मुंबईच्या फोर्टांतील टांकसाळीचें दार लागतांच चांदीचा भाव थोड्याच दिवसांत एकदम घसरला. तिकडे कोलोरॅडोंतील खाणींवर कुलुपें चढलीं, आणि जुलै महिन्यांत डेन्व्हर शहरांतील डझनभर बँका बंद पडल्या. ज्या खाणकामगारानें मुंबईचें नांवहि कधीं ऐकलें नसेल, त्याची रोजी मुंबईच्या एका हुकुमानें गेली.

अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड हे डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांनीं चांदीची सरकारी खरेदी बंद करविली, आणि खजिन्यांतील सोनें आटूं लागलें तेव्हां १८९५ सालीं जे. पी. मॉर्गन प्रभृति पेढीवाल्यांमार्फत सोनें मिळविलें. सोन्याचें चलन सांवरलें, पण बेकारी हटली नाहीं. अर्थशास्त्रज्ञांनीं मागाहून केलेल्या हिशेबांप्रमाणें त्या वर्षांत कामकऱ्यांपैकीं शेंकडा १० हून अधिक लोक बेकार होते. १८९४ सालीं ओहायोंतील जेकब कॉक्सी नांवाच्या एका धंदेवाल्यानें बेकारांचा जथा पायीं वॉशिंग्टनला नेला. सरकारनें ५० कोटी डॉलर खर्चून रस्ते बांधावे आणि त्या कामावर बेकारांस लावावें, अशी त्याची मागणी होती. काँग्रेसच्या इमारतीसमोरील हिरवळ तुडविल्याबद्दल त्याला पकडण्यांत आलें. बेकारांस काम देणें हें सरकारचें कर्तव्य आहे, ही कल्पना त्या काळीं दोन्ही मोठ्या पक्षांना परकी होती. दोघांचाहि प्रश्न एवढाच होता कीं सरकारनें कोणतें दार उघडलें असतां काम आपोआप येईल.

१८९६ च्या जुलैंत शिकागो येथें डेमोक्रॅटिक पक्षाची परिषद भरली, तेव्हां पक्षानें आपल्याच अध्यक्षाच्या धोरणाकडे पाठ फिरविली. नेब्रास्काचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीं ९ जुलैस केलेल्या भाषणानें सभा इतकी भारून गेली कीं दुसऱ्या दिवशीं उमेदवारीची माळ त्यांच्याच गळ्यांत पडली. त्यांचें वय तेव्हां अवघें ३६ होतें. त्यांची मुख्य मागणी अशी, कीं टांकसाळ चांदीला पूर्ववत् खुली करावी, आणि १६ भार चांदीला १ भार सोन्याचें मोल द्यावें. त्यामुळें नाणें वाढेल, भाव चढतील, कर्ज हलकें होईल. शेतकऱ्याच्या हातांत पैसा खेळूं लागला म्हणजे गांवचें दुकान चालेल आणि शहरांतील कारखान्यांचीं चाकें फिरतील. संपत्ति श्रीमंतांकडून खालीं झिरपेल याची वाट पाहण्यापेक्षां बहुजनांना संपन्न करा, म्हणजे ती वरच्या थरांपर्यंत आपोआप चढेल, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. गिरणीचा मालक जसा धंदेवाला, तसाच तींत मजुरी करणारा, शेतांत राबणारा आणि खाणींत उतरणाराहि धंदेवालाच होय, असें त्यांनीं ठणकावून सांगितलें. सर्वोच्च न्यायालयानें १८९५ सालीं रद्द ठरविलेल्या प्राप्तीवरील कराचा पुरस्कार आणि १८९४ च्या पुलमन संपांत वापरलेल्या मनाई-हुकुमांसारख्या हत्याराचा निषेधहि त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यांत होता.

रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅकिन्ले हे ५३ वर्षांचे, यादवी युद्धांत लढलेले, ओहायोचे माजी गव्हर्नर आणि १८९० च्या संरक्षक जकातीच्या कायद्याचे कर्ते. त्यांच्या विचाराचा आरंभ कामापासून होता. डॉलर स्वस्त असावा कीं महाग हा मागाहूनचा प्रश्न. आधीं तो मिळविण्यास काम पाहिजे. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी ही विचारसरणी. परदेशी मालावर भरपूर जकात बसवावी, म्हणजे देशी कारखाने चालतील. कारखाने चालले म्हणजे मजुरी मिळेल. आणि मजुराच्या हातीं मजुरी आली म्हणजे शेतकऱ्याच्या धान्याला घरचें गिऱ्हाईक मिळेल. जगाच्या चांदीला टांकसाळी उघडण्यापेक्षां देशांतील मजुरांना गिरण्या उघडणें बरें, असें ते म्हणत. इतर मोठीं राष्ट्रें तयार झाल्यास चांदीचा विचार करूं, तोंवर सोनेंच, ही त्यांच्या पक्षाची भूमिका. बाजारांत १ भार सोन्याला सुमारें ३० भार चांदी मिळत असतां टांकसाळीनें १६ चा भाव धरला, तर सोनें देशाबाहेर जाईल आणि मजुराच्या पाकिटांत निम्म्या मोलाचा डॉलर येईल, असें त्यांचें म्हणणें होतें. मेक्सिकोचा चांदीचा डॉलर अमेरिकन डॉलरहून किंचित् जड असूनहि बाजारांत निम्म्याच किमतीला जातो, हें त्यांचे प्रचारक प्रत्यक्ष नाणीं दाखवून पटवीत.

दोन्ही बाजू शेजारीं ठेवून पाहिल्या तर प्रत्येकीच्या पदरीं अर्धें सत्य होतें असें दिसतें. आणि जें अर्धें नव्हतें त्याविषयीं प्रत्येक बाजू मौन धरून होती. १८९३ चें अरिष्ट आलें तेव्हां मॅकिन्ले यांचाच जकातीचा कायदा अंमलांत होता आणि तो १८९४ च्या ऑगस्टपर्यंत टिकला, याचा उच्चार रिपब्लिकन व्यासपीठावर होत नसे. जकातीमुळें शेतकऱ्याला कापड आणि अवजारें महाग पडतात, आणि त्याचा गहू मात्र जगाच्या खुल्या बाजारांत विकावा लागतो, हेंहि तेथें कोणी बोलत नसे. उलट पक्षीं ब्रायन यांच्याकडे पिट्सबर्गच्या पोलाद-कामगारासाठीं नेमकें उत्तर नव्हतें. त्याच्यावर शेताचें गहाण नव्हतें. भाव चढले असतां त्याची भाकरी आज महाग होणार, आणि मजुरी वाढली तर मागाहून वाढणार. ज्यानें बँकेंत थोडी शिल्लक टाकली असेल, त्याच्या शिलकीचें मोलहि घटणार. शिवाय चांदीच्या चळवळीस खाणींच्या मालकांचा पैसा मिळत होता, आणि ते कांहीं गरिबांच्या कळवळ्यानें तो देत नव्हते. ब्रायन यांची योजना ऋणकोची हानि भरून काढणारी, परंतु तिचा भार रोजंदारीवर जगणाऱ्यावर टाकणारी होती. मॅकिन्ले यांची योजना रोजगाराचें आश्वासन देणारी, परंतु ऋणकोला त्याच्या कर्जांत तसाच सोडणारी होती.

प्रचाराच्या तऱ्हाहि अगदीं भिन्न होत्या. ब्रायन यांनीं आगगाडीनें सुमारें १८,००० मैल फिरून ६०० च्या आसपास भाषणें केलीं. मॅकिन्ले यांनीं कॅन्टन येथील आपल्या घराची ओसरी सोडली नाहीं. लोकच त्यांच्याकडे गाड्या भरून आले, आणि त्यांची संख्या साडेसात लाखांवर गेली असें सांगतात. त्यांचे सूत्रधार मार्क हॅना यांनीं धनिकांकडून सुमारें ३५ लाख डॉलर जमविले. ब्रायन यांच्या पक्षापाशीं त्याचा अल्पसा अंशच होता. त्या पैशांतून कोट्यवधि पत्रकें अनेक भाषांत छापून निघालीं. ब्रायन निवडून आले तर बुधवारीं कामावर येण्याचें कारण नाहीं, असें कांहीं मालकांनीं मजुरांना बजावल्याच्या तक्रारीहि झाल्या. ज्या मजुराला कामाचें आश्वासन दिलें जात होतें, त्यालाच काम जाण्याचें भयहि दाखविलें जात होतें.

याच सुमारास हिंदुस्थानांत १८९६ च्या पावसाळ्यानें दगा दिला. मुंबई इलाख्यासकट देशाचा मोठा भाग पुढें ज्या दुष्काळानें होरपळून निघाला त्याची ही सुरुवात. हिंदुस्थानचा गहू परदेशच्या बाजारांत येईनासा झाला, आणि मतदानापूर्वीं अमेरिकन गव्हाचा भाव चढूं लागला. गव्हाचे आणि चांदीचे भाव जोडीनें चढतात-उतरतात असें चांदीचे पुरस्कर्ते सांगत आले होते. आतां चांदी न चढतां गहू चढला. त्यांच्या युक्तिवादाचा एक खांब ऐन वेळीं खचला. ज्या दुष्काळानें येथें माणसें अन्नाविना मेलीं, त्यानेंच तिकडील शेतकऱ्याच्या पदरांत चार सेंट अधिक टाकले आणि त्याचा राग थोडासा निवविला.

३ नोव्हेंबर रोजीं मतदान झालें. मॅकिन्ले यांना ७१ लाख आणि ब्रायन यांना ६५ लाख मतें पडलीं. निर्वाचक मंडळांत हेंच प्रमाण २७१ विरुद्ध १७६ असें झालें. दक्षिणेकडील बहुतेक राज्यें आणि पश्चिमेकडील चांदीचीं राज्यें ब्रायन यांच्याकडे राहिलीं, पण ईशान्येकडील कारखान्यांच्या प्रदेशांत त्यांना एकहि राज्य मिळालें नाहीं. आयोवा व मिनेसोटा हीं धान्याचीं राज्येंहि मॅकिन्ले यांच्याकडेच गेलीं. पैसा आणि दडपण यांनीं आपलें काम केलें हें खरें. तथापि भाव चढवूं या वचनांत शहरांतील मजुराला आपलें हित दिसलें नाहीं, हें त्याहून खरें आहे.

पुढें जें घडलें त्यांत या कथेचें मर्म आहे. १८९७ पासून मंदी ओसरूं लागली, आणि रिपब्लिकन पक्षानें तिचें श्रेय नव्या जकातीच्या कायद्याला दिलें. परंतु भाव चढले ते मुख्यतः सोन्यामुळें. दक्षिण आफ्रिकेंत सायनाइडच्या नव्या प्रक्रियेनें हलक्या खनिजांतूनहि सोनें निघूं लागलें होतें. १८९६ सालींच कॅनडांतील क्लोंडाइक भागांत नवें सोनें सांपडलें होतें. १८९० ते १९०० या दहा वर्षांत जगाचें सोन्याचें वार्षिक उत्पादन दुपटीवर गेलें. नाणें वाढावें, भाव चढावे, कर्ज हलकें व्हावें ही ब्रायन यांची इच्छा मॅकिन्ले यांच्या कारकीर्दींत आणि मॅकिन्ले यांच्याच धातूनें पुरी झाली. १९०० सालीं सुवर्णचलनाचा कायदा झाला आणि ब्रायन पुन्हा हरले. पण ज्या प्राप्तीवरील कराचा त्यांच्या पक्षानें पुरस्कार केला होता तो १९१३ सालीं घटनेंत दुरुस्ती होऊन आला.

इतर राष्ट्रांशीं बोलणें करण्याचें वचनहि मॅकिन्ले यांनीं पाळलें. १८९७ सालीं त्यांचें शिष्टमंडळ युरोपांत गेलें. फ्रान्स अनुकूल झाला. पण हिंदुस्थानच्या टांकसाळी चांदीला पुन्हा खुल्या व्हाव्या, अशी अट निघाली. सप्टेंबरांत हिंदुस्थान सरकारनें नकार कळविला आणि प्रकरण मिटलें. हुंडणावळ पुन्हा उतरेल हें सरकारचें भय होतें. नेब्रास्कांतील शेतकऱ्याला निदान आपलें मत टाकून हरतां आलें. मुंबई इलाख्यांतील शेतकऱ्याच्या घरांतील चांदीचे दागिने १८९३ सालीं स्वस्त झाले, आणि सरकारी देणें मात्र महागलेल्या रुपयांत द्यावें लागलें. त्याला दोन्ही वेळां कोणीं विचारलें नाहीं.

दोन उमेदवार रोजगाराचीं दोन वचनें देतात, त्यांतील एक निवडून येतो, आणि नंतर सुबत्ता आली म्हणजे विजयी वचन खरें ठरलें असें समजण्याची चाल आहे. १८९६ ची निवडणूक या समजुतीला आधार देत नाहीं. वचनाची परीक्षा मतदानापूर्वींच करावी लागते, आणि तिचा प्रश्न एकच : या वचनाची किंमत कोण देणार? पिट्सबर्गच्या कामगारानें ब्रायन यांना आणि नेब्रास्काच्या शेतकऱ्यानें मॅकिन्ले यांना हाच प्रश्न विचारला होता. दोघांनाहि सरळ उत्तर मिळालें नाहीं. आणि ज्यांना मतच नव्हतें अशा दूरच्या लोकांनींहि त्या किमतीचा कांहीं भाग भरला.